मूठ सुधारतेय

३ मार्च

प्रिय खारू,

तू ठोसा मारलास तो भाग आता तुझ्या बाबांच्या शरीरात नाही. सर्जननी आख्खं जठर काढलं आणि अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. त्यांनी मला एका पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्र वाईट होतं. आमच्या कॉन्व्हेंटातल्या मदर असत्या तर त्यांना पुन्हा काढायला लावलं असतं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र फेकून देता येतं हे मला माहीत आहे. पण फेकण्याआधी माणूस दोन ओळी तरी वाचतो, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. तुझा ठोसा आणि हा कॅन्सर यांचा काही संबंध नाही. मी सर्जनना सरळ विचारलं. ते म्हणाले, "बाई, गाठ जुनी आहे. माराने गाठ होत नाही. पण रक्त आलं म्हणून आम्ही आत पाहिलं, आणि पाहिलं म्हणून ती वेळेत सापडली. आता पुढची जड औषधंही बहुतेक लागणार नाहीत."

म्हणजे तू त्यांना वाचवलंस. हे वाचून तुला बरं वाटेल की तू भिंतीवर डोकं आपटशील, मला कळत नाही.

तू बॅग घेऊन गेलास त्यानंतरचं तुला ठाऊक नाही. माझे केस त्यांच्या मुठीतून सुटले होते, शेगडी पेटलेलीच होती, आणि ते फ्रिजला टेकून खाली बसले होते. हसत होते. "पोरगं मारायला शिकलं," म्हणाले. "मडम, तुझ्या पोराला हात आले." मग त्यांना उलटी झाली. काळपट, कॉफीच्या गाळासारखी, आणि मागून लाल. मी त्यांना टॅक्सीत घातलं. माझा ओठ फाटलेला, कानाजवळ भाजलेलं. हॉस्पिटलातल्या तरुण डॉक्टरने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि विचारलं, "आधी कोणाला तपासायचं?"

मी म्हटलं, "यांना. मी नेहमीचीच आहे."

ऑपरेशननंतर शुद्धीवर येताच त्यांनी नाकातली नळी ओढून काढली आणि धरायला आलेल्या सिस्टरच्या जबड्यावर हात हाणला. वखारीत ओंडके उचललेला हात तो. सिस्टरची टोपी उडाली. मी खुर्चीवरून उठून कधी भिंतीला पाठ लावून उभी राहिले ते मलाच कळलं नाही. सिस्टर मात्र जागची हलली नाही. जबडा चोळत म्हणाली, "काका, हा हात मला उद्या लागणार आहे, तुम्हाला चालवायला. आज बांधून ठेवते." आणि मऊ पट्टीने दोन्ही मनगटं पलंगाच्या दांडीला बांधली.

दुपारभर मी त्या बांधलेल्या हातांकडे बघत बसले होते. खारू, कोणाला सांगू नकोस. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसून मला गाढ झोप लागली.

तुझी,
आई


११ मार्च

प्रिय खारू,

पोटावर एवढं कापलेलं असताना दुसऱ्याच दिवशी उठवून चालवतात, हे तुला खरं वाटेल? मला वाटायचं, ऑपरेशन म्हणजे महिनाभर निजून राहायचं. इथे निजू देत नाहीत. निजलं की छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गुठळ्या होतात, आतडी सुस्तावतात. म्हणून टाक्यांवर उशी दाबून खोकायचं, एका प्लास्टिकच्या खेळण्यातून श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बोळातून चालायचं.

माझ्या खांद्यावर. तो हात तिथे आला की माझी मान आपोआप आत जाते. व्यायाम करून घेणारी मुलगी आहे, तुझे बाबा तिला ड्रिलमास्तर म्हणतात. ती मला ओरडते, "काकू, तुम्ही का वाकताय? पेशंट ते आहेत!" मग मी मदरांनी शिकवलेलं आठवते. आम्हाला डोक्यावर पुस्तक ठेवून व्हरांड्यात चालवायच्या, पुस्तक पडलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या व्हरांड्यात मेणाचा आणि निळीचा वास यायचा. तशी ताठ चालते. कल्पनेतलं पुस्तक डोक्यावर आणि नवऱ्याचं ओझं खांद्यावर.

शेजारच्या खाटांवरच्या पेशंटांच्या बायका कौतुक करतात. "तुमचे मिस्टर भराभर सुधारताहेत हं!" एकीने तर टाळ्या वाजवल्या. बाबा राजासारखी मान हलवतात. बाहेरच्या माणसांत त्यांचं कसं असतं, तुला माहीतच आहे. ड्रिलमास्तर त्यांच्यावर खूश आहे. सिस्टरच्या जबड्यावरचं निळं पिवळं होत आलं आहे. बाबांनी तिची माफी मागितली, आणि तीही इतकी गोड की तिला हसू आलं. माझ्या वाट्याला तशी माफी आल्याचं मला आठवत नाही.

ड्रिलमास्तरकडे एक यंत्र आहे. दांडा मुठीत धरून दाबायचा, की वरचा काटा हलतो. म्हणे मुठीच्या ताकदीवरून आख्ख्या शरीराची उभारी कळते. अन्न अंगी लागतंय का, स्नायू टिकलेत का, सगळं. पहिल्या दिवशी काटा जेमतेम हलला होता. काल बराच सरकला. "मूठ सुधारतेय, काकू!" ती आनंदाने म्हणाली.

मी "थँक्यू" म्हटलं. मदरांनी शिकवलंच होतं, चांगली बातमी देणाऱ्याचे आभार मानायचे.

मग मी बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले. ती मूठ माझ्याइतकी कोणाला ठाऊक आहे? माझी वरची दाढ तिच्यापायी गेली. तुझा डावा कान तिच्यापायी बहिरा झाला, आणि तू शाळेत सांगितलंस की पोहताना पाणी गेलं. त्या मुठीला रोज अंडी, सूप, दूध चमच्याचमच्याने भरवणारी मीच. काय म्हणू मी याला?

सोबत एक मऊ रबरी चेंडूही दिला आहे, दाबायला. ते दिवसभर दाबतात. मी वॉर्डच्या नळावर भांडी घासते आणि पाठीमागे तो पिचपिच आवाज ऐकते.

तुझी,
आई


२ एप्रिल

प्रिय खारू,

तुझं पाकीट आलं. आत एकच ओळ. "तू अजून तिथे का आहेस?" मी ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचली आणि पाकीट पिठाच्या डब्यामागे ठेवलं. तुझं अक्षर अजून उजवीकडे कलतं.

उत्तर देते. रागावू नकोस.

आजारी माणसाला सोडून गेलेली बाई जन्मभर मागे वळून बघते. मला मागे वळून बघायचं नाही. धडधाकट माणसाला सोडता येतं. म्हणून मी मनाशी ठरवलंय, तुझे बाबा गल्लीच्या टोकापर्यंत कोणाचाही खांदा न धरता जाऊन आले आणि स्वतःचं अंडं स्वतः उकडून खाल्लं, की मी निघणार. तुझ्याकडे. तू घेशील तर.

आता शर्यत लागली आहे. त्यांचे पाय आधी सुधारतात की मूठ. रोज सकाळी मी दोन्हीकडे बघते.

घरी आल्यावर खाणं हाच मोठा उद्योग आहे. जठरच नाही, त्यामुळे एका बैठकीत मूठभरच जातं. म्हणून थोडं थोडं, दिवसभर, नीट चावून. जेवताना पाणी नाही, ते मधल्या वेळी. खाल्ल्यावर आडवं व्हायचं नाही, झोपताना उशी उंच. ते सगळं ऐकतात आणि मग वाटी भिरकावतात. "मी काय पाखरू आहे, दाणे टिपायला?" परवा सूप भिरकावलं. गरम होतं, माझ्या पावलावर सांडलं. मी पाय उचलला, आणि त्यांनी थोबाडीत मारली.

खारू, ती थोबाडीत लागलीच नाही. ओलं फडकं गालावर पडावं तशी. त्यांचा हात मारूनच थकला आणि माझ्या खांद्यावर येऊन टेकला. आणि मी हसले. मला थांबताच येईना. पायाला फोड आलेले, डोळ्यांतून पाणी, आणि मी हसतेय. "एवढंच?" मी म्हटलं. "अहो, एवढंच?"

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी कधी पाहिली नव्हती. ते घाबरले होते. मग मीही घाबरले. कारण त्या क्षणी माझ्या हातात पातेलं होतं, पोलादी, जड, आणि त्यांच्या पोटावरचे टाके कुठे आहेत हे मला पाठ होतं. रोज मीच तर पुसते.

मी पातेलं खाली ठेवलं. अंडं सोलून दिलं. त्यांनी गुपचूप खाल्लं.

तुला आठवतं, तू लहानपणी घास गिळायचाच नाहीस, गालात साठवायचास? तासाने बघावं तर गाल फुगलेलाच. त्यावरून तर खारू झालास. मी म्हणायचे, माझं पोर पुढच्या दुष्काळाची तयारी करतंय. आणि तुझे बाबा यायची वेळ झाली की तू घाईघाईने गिळून टाकायचास. त्याचं तेव्हा मला हसू यायचं. आता येत नाही.

तुझी,
आई


१९ एप्रिल

प्रिय खारू,

अक्षर वाकडंतिकडं आलंय त्याला इलाज नाही. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला टाके आहेत, पेन मधल्या बोटात धरलंय. मदरांनी पट्टीने मारलं असतं.

काय झालं ते जसंच्या तसं लिहिते. हॉस्पिटलातून निघताना सिस्टरने मला बजावलं होतं. गोड एकदम खाऊ द्यायचं नाही. आता साखरेला थांबवून धरायला जठर नाही, ती सरळ आतड्यात धावते, मग शरीर गोंधळतं आणि तासा-दोन तासांनी रक्तातली साखर नको तितकी खाली आणतं. "तेव्हा कपाळ घामेजेल, हात थरथरतील, डोळे तारवटतील, विनाकारण चिडतील, बरळतील. वेळ घालवू नका, लगेच ग्लुकोज पाजा."

मला हसू आलं होतं. मनात म्हटलं, बाई, हे सगळं तर ते वर्षानुवर्षं करताहेत. तिला सांगायला हवं होतं ना? आपल्या घरात या खुणांचा अर्थ काय आहे हे तिला कसं कळणार? ती कॅन्सरची सिस्टर. आपलं दुखणं वेगळं.

मंगळवारी दुपारी मी कपडे वाळत घालायला गेले होते. परत आले तर जॅमची बरणी रिकामी आणि त्यात चमचा उभा. "आता मला चोर म्हण," म्हणाले. मी बरणी मोरीत ठेवली. तासभर इस्त्री केली, तुझा जुना निळा शर्ट दिसला त्याचीही केली. वळून पाहिलं तर ते टेबलापाशी उभे. कपाळ घामाने चमकत होतं. टेबलावर बोटं थरथरत होती. डोळे माझ्यावर, पण माझ्या आरपार. "कुठं... कुठं लपवलंस?" म्हणाले आणि माझं मनगट धरलं.

माझ्या तोंडून काय निघालं, माहीत आहे? "खारू, दप्तर भर."

तू घरात नाहीस हे मला माहीत होतं. पण ते शब्द आपोआप आले. कपाळ घामेजलं की मी असं म्हणायचे आणि तू दप्तर न भरता सरळ न्हाणीघरात पळायचास, मग मागून मी, मग कडी. मी मनगट सोडवलं, पळाले, कडी घातली. बादली पालथी घालून तिच्यावर बसले. दाराच्या आतल्या बाजूला तू खिळ्याने कोरलेली खार अजून आहे. एका बैठकीत तू तिला शेपूट काढायचास, दुसऱ्या बैठकीत मिशा. ती पूर्ण झालेली खार आहे, खारू. त्यावरून मोज, आपण किती वेळा तिथे बसलो.

बाहेर खुर्ची पडली. काही तरी जड आपटलं. मी लाथांची वाट बघत होते. दारावर लाथ बसली की कडी कुठे सैल होते ते मला माहीत आहे, तिथे मी टाच लावून बसते. लाथ आली नाही. दार खालून, अगदी जमिनीजवळून, नखांनी खरवडल्यासारखं वाजलं. मग तेही थांबलं.

तेव्हा मला कळलं. घाम, थरथर, बरळणं. सिस्टरचे शब्द एकेक करून आठवले. ग्लुकोजचा डबा कुठल्या फळीवर आहे तेही आठवलं.

आणि मी उठले नाही.

किती वेळ, ते लिहीत नाही. मी खारीकडे बघत होते. मनात अगदी शांत होतं, दुपारच्या सुट्टीतल्या रिकाम्या वर्गासारखं. फक्त बसून राहायचं होतं. कोणी मला दोष दिला नसता. घाबरलेली म्हातारी, कडी घालून बसली, काय करणार बिचारी!

मग वाटलं, आज हे दार मी उघडलं नाही, तर मी याच बादलीवर जन्मभर बसून राहीन. बाहेर त्यांना पुरून झालं तरी मी आतच.

दार उघडायला जोर लावावा लागला, ते दारालाच पडले होते. भुवई फाटून रक्ताचं थारोळं. दात घट्ट मिटलेले, अंग झटके देत होतं. ग्लुकोजची भुकटी पाण्यात कालवून लगदा केला आणि बोटाने गालाच्या आत, हिरड्यांवर चोळत राहिले. तुला घास गालात ठेवायची सवय होती, तशी त्यांच्या गालात साखर ठेवत होते. त्यांचा जबडा उघडला आणि मिटला. माझं बोट मध्ये. हाडापर्यंत दात गेले. मी ओरडले नाही, कारण ओरडलं की ते जास्त आवळतात ही जुनी सवय. दुसऱ्या हाताने चोळत राहिले. रक्त आणि साखर, साखर आणि रक्त.

सिस्टरने नंतर मला फैलावर घेतलं. "बेशुद्ध माणसाच्या तोंडात बोट? श्वासात गेलं असतं म्हणजे? कुशीवर वळवायचं आणि गाडी बोलवायची!" तिचं बरोबर आहे. पण ते शुद्धीवर आले होते.

टाके घातलेलं बोट बघून त्यांनी विचारलं, "मी मारलं तुला?"

"चावलात."

"कधी?"

"तुम्हाला वाचवत होते तेव्हा."

 मग म्हणाले, "लागलं असेल."

इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा म्हटलं. कधी काळी हे एवढं ऐकायला मी गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायचे. आता ऐकलं आणि मला काहीच झालं नाही. नुसतं बोट ठणकत होतं.

आता तूच सांग. यापुढे त्यांचं कपाळ घामेजलं तर मी पळू की डबा काढू?

तुझी,
आई


८ मे

प्रिय खारू,

तुझं उत्तर मिळालं. "डबा काढ आणि मग पळ." वाचून मी मोठ्याने हसले. माझ्यावर गेलायस.

सोमवारी ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि आले. एकटे. मी गॅलरीतून बघत होते. पाठ ताठ, हात हलवत, रस्त्यातल्या न्हाव्याशी थांबून थट्टा करत. न्हावी म्हणाला, "शेठ, तुम्ही तर वाघासारखे परतलात!" छान दिसत होते रे. लग्नाआधी वखारीच्या फाटकात उभे असायचे, शर्टावर भुसा, तसे. मी तेव्हा कॉन्व्हेंटच्या बसमधून बघायचे आणि मैत्रिणी मला कोपराने ढोसायच्या. ते दिवस खरे होते. मला ते खोटे ठरवायचे नाहीत.

घरी येऊन त्यांनी स्वतः अंडं उकडलं. सोललं, चार घासांत सावकाश खाल्लं, पाणी नंतर प्यायले. सगळं अगदी सिस्टरने सांगितल्याप्रमाणे. मग म्हणाले, "मीठ कुठाय?"

मी मीठ पुढे केलं. उशीर झाला असेल. त्यांनी मिठाची वाटी घेतली नाही, माझं टाक्यांचं बोट धरलं आणि पिळलं. सावकाश. माझ्या डोळ्यांत बघत. टाका तुटल्याचं मला ऐकू आलं.

मी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. कोरडं होतं. दुसऱ्या हाताकडे पाहिलं. स्थिर. डोळे स्वच्छ. जीभ जड नाही. एकेक खूण मी तपासली, ड्रिलमास्तरसुद्धा खूश झाली असती.

हे साखरेचं नव्हतं. आजाराचं नव्हतं. हे त्यांचं होतं.

खरं सांगते, दुखत होतं तरी मला मोकळं वाटलं. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही बरे झालात." त्यांना ते कौतुक वाटलं. त्यांनी बोट सोडलं.

आज हॉस्पिटलात तपासणी होती. सिस्टरने टाका पुन्हा घातला. घालताना माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "काकू, यांना व्हिटॅमिनचं इंजेक्शन जन्मभर लागेल. पुढच्या तारखा मी त्यांनाच समजावून सांगू ना? थेट त्यांनाच?" मी म्हटलं, "हो. थेट त्यांनाच." तिने आपला जबडा चोळला. आम्ही दोघी जरा हसलो.

ड्रिलमास्तरने यंत्र त्यांच्या हातात दिलं. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात ग्लुकोजची पुडी ठेवली आणि खिशाचं बटण लावलं. "ही सोडून कुठे जायचं नाही," म्हटलं. ते काट्याकडे बघत होते. "जोरात, काका! अजून जोरात! वा! आता अगदी पहिल्यासारखी!" मुलगी टाळ्या वाजवत होती. त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, चेहरा आनंदाने लाल.

मी डोक्यावर पुस्तक असल्यासारखी चालत बोळातून बाहेर आले. बॅग सकाळीच सिस्टरच्या खोलीत ठेवली होती. तुझा निळा शर्ट घेतलाय. बाकी काही घ्यावंसं वाटलं नाही.

हे बस स्टँडच्या बाकावर बसून लिहितेय. शेजारच्या बाईने तिचं पेन दिलंय आणि ती ते परत मिळायची वाट बघतेय. पत्र पेटीत टाकून गाडीत बसेन. आधी पत्र पोहोचेल की मी, कोण जाणे. तुझा एकच कान चांगला आहे, म्हणून मी जोरात वाजवीन.

दार वाजलं तर दप्तर भरू नकोस, खारू. उघड.

तुझी,
आई